बेबाबाईंची एजन्सी

"एजंटबाई आहेत का घरात?"

खालून हाक आली तेव्हा बेबाबाई फिरके घराच्या मातीच्या धाब्यावर उकिडव्या बसून पापडासारखे बिबडे घालत होत्या. ज्वारीचा घाट गरम आहे तोवरच हात चालवावा लागतो. म्हणून त्यांनी मान न वळवताच सांगितलं, "इथं कोणी एजंट नाही. पुढच्या गल्लीत विचारा."

"घर हेच आहे, भाभी. वनाभाऊंचं. मी लखीचंद."

लखीचंद शेठचं कापड दुकान म्हणजे कासारबर्डीतलं सगळ्यात मोठं. लग्नसराईत त्यांना जेवायला फुरसत नसायची. असा माणूस ऐन एप्रिलात सकाळी आठ वाजता दुकान सोडून आपल्या दारात उभा, हे पाहून बेबाबाई घाटानं भरलेले हात तसेच वर धरून धाब्याच्या कडेला आल्या.

"काय झालं शेठ?"

"व्हायचं काय राहिलं, भाभी! काल नगरपालिकेच्या आगीच्या बंबानं माझं दुकान फोडलं. ओटा गेला, शटर गेलं. शालू नेसवून बाहुली उभी केली होती, तिचं मुंडकं गेलं. मुख्याधिकारी म्हणतात, बंबाचा विमा आहे, एजंटाला भेटा. आता तुम्ही सांगा, अर्ज कोणाच्या नावानं करू?"

"मला काय विचारता? एजंटाला विचारा."

"एजंटालाच तर विचारतोय!"

शेठनी खिशातून कागद काढून वर दाखवला. बेबाबाई शिडीनं खाली उतरल्या. विम्याच्या कागदाची ती नक्कल होती. गाडीचा नंबर, इंजिनचा नंबर, आणि सगळ्यात खाली टाइप केलेलं, 'एजंट : सौ. बेबाबाई वना फिरके.'

बेबाबाई सातवी पास होत्या. त्यांनी ती ओळ तीनदा वाचली. बेबाबाई नावाची वना फिरक्यांची दुसरी बायको असल्याशिवाय हे शक्य नव्हतं, आणि दुसरी बायको सांभाळण्याइतका उत्साह नवऱ्यात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या अजून कागदाकडेच बघत होत्या, तेवढ्यात मिरच्यांची हातगाडी लावणारा म्हातारा कौतिक येऊन पोचला. बंब ओट्यावर चढण्याआधी त्याच्या हातगाडीवरून गेला होता. "अक्का," तो हात जोडून म्हणाला, "शेठ मोठा मानूस. पन आधी माझी गाडी गेली. माझा नंबर आधी लावा."

गल्लीतल्या बायका दारात जमल्या. एक म्हणाली, "बेबाबाई, तुम्ही एजंट आहात हे आम्हाला कधी बोलल्या नाहीत!" त्या आवाजात इतका संशय होता, की बेबाबाईंच्या अंगाचा भडका उडाला. धाब्यावर घाट थंड होऊन गोळा झाला तो निराळाच.

वनाभाऊ फिरके हे नगरसेवक आणि पालिकेच्या बांधकाम समितीचे सभापती. सभापती झाल्यापासून ते घरातही बैठकीत बोलल्यासारखे सावकाश बोलत. दहा वाजता ते न्याहारीला आले, तेव्हा ताटाऐवजी समोर कागद आला.

"हे काय आहे?" बेबाबाईंनी विचारलं.

वनाभाऊंनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. "अगं, ते नावापुरतं असतं."

"कोणाच्या नावापुरतं?"

"तुझ्या."

"नाव माझं, मग पुरतं कोणाला?"

सभापतींनी तांब्या उचलला. ते पाणी प्यायले.

"मी सही कधी केली?"

"पंच्याऐंशी साली. गॅसचा फॉर्म आणला होता बघ मी."

"तो गॅसचा होता."

"गॅसचा वर होता. त्याच्याखाली हा होता."

बेबाबाई पाटावर बसल्या. पाच वर्षं त्या चुलीपुढे डोळे चोळत होत्या. दर महिन्याला विचारत होत्या, नंबर लागला का? आणि दर महिन्याला हा माणूस उसासा टाकून सांगत होता, यादी फार लांब आहे.

"आणि गॅसचा फॉर्म?" त्यांनी फार हळू विचारलं.

"तो..." वनाभाऊंनी तांब्यात डोकावून पाहिलं, "तो द्यायचा राहून गेला."

त्या दिवशी फिरक्यांच्या घरात न्याहारी झाली नाही. बेबाबाईंनी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, वर पाणी ओतलं, धुवट लुगडं नेसलं आणि सरळ नगरपालिकेची वाट धरली. मागून वनाभाऊ "अगं, ऐक तरी" म्हणत होते. पण रस्त्यावर येऊन म्हणायची त्यांची तयारी नव्हती.

पालिकेत नथ्थूअप्पा हे हेडक्लार्क. त्यांना निवृत्तीला सहा महिने उरले होते, आणि त्यामुळे अलीकडे ते विचारलेल्या प्रश्नाचं खरं उत्तर देऊ लागले होते. बेबाबाईंनी ठरावांचं पुस्तक मागितलं. अप्पांनी ते काढलं, धूळ झटकली आणि चष्मा लावून वाचून दाखवलं :

"'सौ. फिरके यांनी पालिकेच्या सर्व वाहनांची समक्ष पाहणी केली असून त्यांची सेवा समाधानकारक आहे. सबब पुढील वर्षाकरिता एजंट म्हणून त्यांचीच निवड करण्यात यावी. सर्वानुमते मंजूर.'"

"मी पाहणी केली?"

"पाच वेळा. दर मार्चमध्ये एकदा."

"अप्पा, मी आज पहिल्यांदा या इमारतीची पायरी चढले."

"ते मला माहीत आहे, बाई. पण मी ठराव लिहितो, करत नाही."

बेबाबाईंनी खुर्ची ओढली. "मला एक सांगा. हा एजंट तुम्ही निवडता तरी कसा?"

अप्पांनी चष्मा काढला. "विम्याचा दर बांधून दिलेला. कोणत्याही एजंटाकडून घ्या, पालिकेला पैसे तेवढेच पडतात. मग निवड कशावर करायची? पहिल्या वर्षी तीन अर्ज आले होते. एक जळगावचा पोरगा होता. फार चांगला. आवारात दोन दिवस हिंडून एकेका गाडीचा तक्ता करून आणला होता त्यानं. कोणत्या गाडीचा ब्रेक ढिला, कोणाचं टायर गुळगुळीत, सगळं."

"मग त्याला का नाही दिलं?"

"त्याचं इथं कोणी नव्हतं."

"दुसरा?"

"विरोधी पक्षनेत्यांचा साडू. आणि तिसऱ्या तुम्ही. नगरसेवकानं पालिकेच्या व्यवहारातून स्वतः फायदा घ्यायचा नाही, असा कायदा आहे. बायकोनं घेतला तर काय, ते पान आमच्या प्रतीतून फाटलेलं आहे."

"एजंटाला मिळतं काय?"

"कमिशन. देते कंपनी, पण निघतं पालिकेच्या हप्त्यातूनच. म्हणजे गावाच्या घरपट्टीतून म्हणा."

"आणि काम न करता मिळतं?"

"काम केलं म्हणून जास्त मिळत नाही, बाई," अप्पा शांतपणे म्हणाले, "आणि न केलं म्हणून कोणी कापत नाही."

बेबाबाई उठल्या. संतापानं त्यांचे कान तापले होते. कागदावर त्या पाच वर्षं गाड्या तपासत होत्या आणि घरात फुंकणी फुंकत होत्या. गावाचे पैसे त्यांच्या नावावर जात होते आणि गाव त्यांच्याच दारात येऊन मुंडकं गेलेल्या बाहुलीचा जाब विचारत होतं.

"पाहणी केली म्हणून लिहिलंय ना?" त्या म्हणाल्या. "मग आता करते. बंब कुठं आहे?"

बंब मागच्या आवारात होता. पुढचा बंपर आत गेलेला, एक दिवा लोंबत असलेला. शेजारी डोक्याला पट्टी बांधून ड्रायव्हर झुलाल बसला होता. तो साक्रीकडचा, पालिकेत बारा वर्षं काढूनही त्याची बोली तिकडचीच राहिली होती.

"झुलालभाऊ, खरं सांगा. काय झालं?"

"वहिनी, मी काय करू? बैल आडवा उना. मी ब्रेक मारा, ब्रेक लागनाच नही. बंब बठ्ठा पानीवरी भरेल व्हता. तो कसाना थांबस!"

"पाणी भरून कुठं चालला होता? आग लागली होती?"

झुलालनं इकडंतिकडं पाहिलं. "आग कसानी, वहिनी? अध्यक्षसाहेबना पुतन्यानं लगीन शे ना. तठे पानी ली जाई राह्यंतू. दोन खेपा व्हयन्यात, ही तिसरी."

बेबाबाईंनी त्याचं लायसन मागितलं. तारीख पाहिली. ब्रेकची तक्रार त्यानं लिहून दिली होती का, ते विचारलं. दिली होती, दोनदा. वहीवर 'पाहिले' अशी सही होती, आणि ती सही बेबाबाई लग्न झाल्यापासून ओळखत होत्या.

पुढच्या सोमवारी नुकसानीची पाहणी करायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार, असं कळलं. रविवारी जेवताना वनाभाऊ म्हणाले, "तू उद्या दोन दिवस माहेरी जाऊन ये. बऱ्याच दिवसांत गेली नाहीस."

"कशाला?"

"आम्ही सांगू, एजंट आजारी आहेत."

"मी ठणठणीत आहे."

"अगं, अध्यक्षांनी ठरवलंय, बंब आग विझवायला चालला होता असं लिहायचं. तू मध्ये येऊ नको. दावा बुडला तर दुरुस्ती पालिकेच्या डोक्यावर, शेठ कोर्टात जाणार, आणि नाव तुझं खराब होणार."

"माझं नाव!" बेबाबाईंनी भाकरी ताटात इतक्या जोरात टाकली की वाटीतलं वरण वनाभाऊंच्या सदऱ्यावर उडालं. "पाच वर्षं माझं नाव तुम्ही वापरलं. एक दिवस मी वापरते."

सोमवारी नगराध्यक्षांच्या खोलीत सगळे जमले. अध्यक्ष, वनाभाऊ, लखीचंद शेठ, दारात हातगाडीचं मोडकं चाक घेऊन कौतिक. सर्व्हेअर किडकिडीत, कोरड्या चेहऱ्याचा माणूस होता. त्यानं चहा घेतला नाही, त्यामुळे खोलीत आधीच काळजी पसरली. एवढ्यात दार लोटून बेबाबाई आत आल्या आणि रिकाम्या खुर्चीवर बसल्या.

"आपण?" सर्व्हेअरनं विचारलं.

"एजंट."

सर्व्हेअरनं पहिल्यांदा मान वर केली. "पंधरा वर्षांत कोणत्याही पालिकेत मला एजंट भेटलेला नाही," तो म्हणाला. मग अध्यक्षांकडे वळला. "बंब कुठं चालला होता?"

"आग विझवायला," अध्यक्ष म्हणाले.

"कुठं लागली होती?"

"एरंडोल रस्त्याला, जिनिंगमध्ये," अध्यक्ष म्हणाले. त्याच क्षणी वनाभाऊ म्हणाले, "वीटभट्टीपाशी, कडब्याला."

"दोन आगी?"

"ठिणगी उडाली," वनाभाऊ म्हणाले.

"दोन मैल?"

"वारा होता."

सर्व्हेअरनं लिहिणं थांबवलं. "आगीच्या वर्दीची वही आणा."

 लखीचंद शेठनी डोळे मिटले. शटर त्यांना आता कायमचं लांब जाताना दिसत होतं. तेव्हा बेबाबाईंनी पिशवीतून चार घड्यांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

"हे माझ्या हाताचं आहे. आग कुठंच नव्हती. बंबात पाणी होतं आणि पाणी यांच्या पुतण्याच्या लग्नाला चाललं होतं. ड्रायव्हरचं लायसन चालू आहे. बैल आडवा आला. ब्रेक ढिला असल्याचं ड्रायव्हरनं दोनदा लिहून दिलं होतं, आणि आमच्या यांनी ते दोनदा 'पाहिलं' होतं."

अध्यक्षांचा चेहरा पडला. वनाभाऊ खिडकीबाहेरच्या कडुनिंबाकडे असे पाहू लागले, जणू ते झाड आजच लावलंय. बेबाबाई ताठ बसल्या होत्या. दावा बुडो, नाही तर तरो. आता या माणसांना चार लोकांत खाली बघावं लागणार, एवढं त्यांना पुरे होतं.

सर्व्हेअरनं कागद दोनदा वाचला. "या पाण्याचं भाडं पालिकेनं घेतलं?"

बेबाबाई तिरस्कारानं म्हणाल्या, "यांच्याकडून कोण घेणार? फुकट. तिन्ही खेपा फुकट."

"पावती फाडली नाही?"

"नाही."

"मग ठीक आहे," सर्व्हेअर म्हणाला. "गाडी भाड्यानं दिली असती तर दावा बसला नसता. विम्यात तशी अटच आहे. पावती असती, तरी दावा गेला होता. आगीची खोटी हकिकत माझ्या कागदावर चढली असती, तरीही गेला होता. ब्रेकबद्दल थोडी रक्कम कापली जाईल. बाकी मंजूर व्हायला हरकत दिसत नाही. या बाईंनी नीट लिहून दिलं म्हणून."

अध्यक्षांनी रुमालानं कपाळ पुसलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, छाती पुढे आली. "म्हणूनच तर," ते भारदस्तपणे म्हणाले, "आम्ही पाण्याचे पैसे भरले नाहीत. पालिकेच्या हिताचा विचार होता त्यामागे."

"वा!" वनाभाऊ म्हणाले.

बेबाबाईंना वाटलं, टेबलावरची दौत उचलून दोघांच्या टोप्यांवर ओतावी. खरं बोलून त्यांनी या माणसांना उघडं पाडलं होतं, आणि ही माणसं उघडी पडूनही अंगात जरीचा कोट असल्यासारखी बसली होती.

तरी गावात त्यांचं कौतुक झालं. लखीचंद शेठ स्वतः पेढे घेऊन आले. कौतिक रोज सकाळी दारात मूठभर हिरव्या मिरच्या ठेवून जाऊ लागला.  दहा दिवसांनी पालिकेची सभा झाली आणि दुसऱ्या दिवशी नथ्थूअप्पा चपला न काढताच ओसरीवर उभे राहिले.

"बाई, तुम्हाला काढलं."

"कशावरून?"

अप्पांनी ठरावाची नक्कल वाचली. "'विद्यमान एजंट यांनी दाव्याचे कामी अनावश्यक हजेरी लावून प्रशासनास अडचण निर्माण केली. सबब त्यांची सेवा असमाधानकारक समजण्यात यावी.' सर्वानुमते मंजूर. सूचक..." अप्पांनी चष्मा सारखा केला, "सूचक, श्री. वना फिरके."

बेबाबाई हसल्या. एवढ्या संतापात माणसाला कधीकधी हसूच येतं. पाच वर्षं चुलीपुढे बसून केलेली सेवा समाधानकारक होती, आणि एकदा खुर्चीवर बसून केलेली असमाधानकारक ठरली.

"नवीन कोण?"

"श्रीमती धुरपदाबाई रामा फिरके, मुक्काम फैजपूर."

धुरपदाबाई म्हणजे वनाभाऊंची आई. वय अडुसष्ट. धाकट्या मुलाकडे फैजपूरला राहायची. चौथी शिकलेली, आणि आपल्याला सही येते याचा तिला फार अभिमान. बेबाबाईंनी डोक्याला हात लावला. या बिचाऱ्या म्हातारीला काय सांगून सही घेतली असेल, ते देवालाच ठाऊक.

ते कळायला फार दिवस लागले नाहीत. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया झाली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला धुरपदाबाई एस.टी.नं आल्या. काखेत वळकटी, हातात लाडवांचा डबा आणि गंगाजलासाठी घासून लख्ख केलेला तांब्या. वनाभाऊ नुकतेच जेवून पान जुळवत होते.

"वन्या, बस कुठी हाये?"

"कसली बस, आई?"

"काशीची! तूच त म्हने, या फारमावर सही कर, आखाजी झाली का बस निंघते. साऱ्या गल्लीले सांगून आली मी. बायांनी ववाळलं मले."

वनाभाऊंच्या हातातलं पान तसंच राहिलं. बेबाबाई पुढे झाल्या. त्यांनी सासूला पाटावर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. बंब, शटर, गॅस, ठराव. पालिका एजंट कसा निवडते आणि कमिशन कसं देते, हे अप्पांनी सांगितलं होतं तसं. सांगता सांगता त्यांचा आवाज चढला. सासू आता मुलाच्या नावानं बोटं मोडेल, कपाळ बडवून घेईल, असं त्यांना वाटत होतं.

म्हातारीनं सगळं निमूट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे पैसे माह्या नावावर येतीन?"

"हो."

"आले का?"

"अजून नाही, आई," वनाभाऊ घाईघाईनं म्हणाले. "वर्ष आत्ता सुरू होतंय."

"अन् इच्या नावचे? पाच वर्साचे?" धुरपदाबाई सुनेकडे वळल्या. "तुहं पासबुक कुठी हाये वं?"

 तीन आठवडे बेबाबाई सहीवरून भांडल्या, मानावरून भांडल्या, ठरावातल्या एकेका शब्दावरून भांडल्या. पासबुक कुठं आहे, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"असेल कुठंतरी," वनाभाऊ म्हणाले.

"काढ."

"आई, आत्ता..."

"वन्या, काढ म्हनते ना! अन् पैसे काढाले सही इचीच लागते त तू पाच वर्सं कसा काढे?"

 सभापतींनी कपाटातून आपल्या ठेवणीतल्या सदऱ्याखालून पासबुक काढून आईच्या हातात दिलं. म्हातारीनं ते उघडून डोळ्यांजवळ धरलं. अक्षर लावायला तिला वेळ लागे, पण आकडे चटकन समजत. "बरंच ठेवलं हाये अजून," ती म्हणाली. "दोघींची काशी होऊन उरते. बँक कधी बंद होते?"

"दोनला," बेबाबाई म्हणाल्या. पावणेदोन झाले होते. त्यांनी पासबुक हातात घेतलं, पदर खोचला आणि चपला पायात सरकवल्या.

"आणि मी?" वनाभाऊंनी ओसरीवरून विचारलं. "मी येऊ का?"

धुरपदाबाई पायरीवर थांबल्या.

"तू घरी राह्य," त्या म्हणाल्या. "दोन्ही एजंट काशीले चालल्या. मांगं कोनी दावा घिसन आलं, त घरात मानूस नको का?"